स्वस्थानपक्ष : प्रेक्षकानें आपल्याच गांवच्या संघाचा कैवार घ्यावा काय ?

१. प्रश्नाचें स्वरूप

सन २०२२ च्या डिसेंबरांत कतार देशीं फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या रात्रीं वाशीम शहरांत कित्येक घरांतून अर्जेंटिनाचा जयजयकार चाललेला आम्ही ऐकला. त्याच हिंवाळ्यांत तालुक्यांतील दोन शाळांचा फुटबॉलचा सामना झाला, त्यास पंच व शिक्षक धरून सतरा माणसें हजर होतीं. ही गणना आम्ही स्वतः केली, कारण सतरांपैकीं एक आम्हीच होतों. मुलांनीं खेळ चांगला केला. पण कोणासाठीं खेळतों हें त्यांस कळण्यास साधन नव्हतें.

यावरून एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. खेळ पाहणाऱ्यानें आपल्या गांवच्या संघाचा कैवार घ्यावा, कीं जेथें उत्तम खेळ असेल तेथें मन द्यावें ? आणि 'आपलें गांव' म्हणजे तरी काय, जेथें जन्म झाला तें, जेथें राहतों तें, कीं जेथून पूर्वज आले तें ? ताम्रपट, महजर व पोथ्या ह्यांचा विचार करणाऱ्या वाचकांस हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्याचीं साधनें सूत्रग्रंथांत, शिलालेखांत व इतिहासग्रंथांत विखुरलेलीं आहेत; तीं एकत्र करून पाहिल्यास निर्णय करतां येतो असें आम्हांस वाटतें. तेवढाच प्रयत्न येथें केला आहे.

२. भारतांतील रंगभूमि

प्रेक्षकांच्या पक्षाभिमानाचें सर्वांत जुनें व सविस्तर वर्णन आमच्या माहितीप्रमाणें आदिपर्वांत आहे. कुमारांची अस्त्रपरीक्षा घेण्यासाठीं द्रोणाचार्यांनीं जागा मोजून रंगभूमि आंखविली, स्त्रियांसाठीं व राजपुरुषांसाठीं वेगळे मंच घातले, आणि नगरवासी लोक झुंडीनें जमले. भीम व दुर्योधन गदा घेऊन मंडलें घेऊं लागतांच प्रेक्षकांच्या मनांत पक्षपातानें स्नेह उत्पन्न होऊन जनसमुदायाचे दोन भाग पडले. कोणी कुरुराजाच्या नांवानें ओरडूं लागले, कोणी भीमाच्या. समुद्र खवळावा तशी ती रंगभूमि खवळलेली पाहून द्रोणांनीं अश्वत्थाम्यास मध्यें पाठवून दोघांस थांबविलें. कारण एकच दिलें आहे : ह्या दोघांपायीं 'रंगप्रकोप' होऊं नये.

हा शब्द ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्रकोप मल्लांचा नव्हे, रंगाचा, म्हणजे प्रेक्षकसमूहाचा. आज वर्तमानपत्रें ज्यास प्रेक्षकांची दंगल म्हणतात त्यास भारतकारानें इतका नेमका शब्द योजून ठेविला आहे कीं नवा बनविण्याची गरज नाहीं.

पुढें कर्ण आला आणि रंग पुन्हां दुभंगला. स्त्रियांतही दोन तट पडले असें ग्रंथकार सांगतो. कृपाचार्यांनीं कर्णास कुळ व गोत्र विचारलें, तेव्हां दुर्योधनानें त्यास तेथल्या तेथें अंगदेशाचें राज्य दिलें. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें ही घटना महत्त्वाची आहे. खेळाडूस खेळण्याचा अधिकार मिळण्यासाठीं त्याला एक 'देश' असावा लागला, आणि तो देश एका क्षणांत त्याचा झाला.

विराटपर्वांतील प्रसंग ह्याहून बोलका आहे. मत्स्यनगरींतील महोत्सवास दिशादिशांहून मल्ल आले. त्यांतील जीमूत नांवाच्या महामल्लानें सर्वांस आव्हान दिलें. कोणी पुढें येईना. तेव्हां विराटानें आपल्या आचाऱ्यास उभें केलें. तो आचारी बल्लव, म्हणजे प्रच्छन्न भीमसेन. त्यानें जीमूतास मारिलें व विराटासह सर्व मंडळीस अतिशय आनंद झाला. आतां पाहा, मत्स्यांचा लाज राखणारा हा वीर मत्स्य नव्हता. हस्तिनापुरचा होता आणि वेतनावर राहिला होता. तरी त्याचा विजय मत्स्यांस आपला वाटला. 'गांवच्या संघांत गांवचे खेळाडू आहेतच कोठें ?' ह्या आजच्या आक्षेपाचें उत्तर येथें अर्धें मिळून जातें. उरलेलें अर्धें पुढें येईल.

३. वत्सगुल्म, क्रीडावास

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी. सन १९३९ मध्यें येथें सांपडलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट ह्याच नगरांतून दिलेला आहे. त्याची भाषा कांहीं संस्कृत व कांहीं प्राकृत. ह्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन प्राकृत 'हरिविजय' काव्याचा कर्ता म्हणून साहित्यशास्त्रांत प्रसिद्ध आहे. येथील काव्यरीति इतकी नांवाजली कीं राजशेखरानें 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीस 'वच्छोमी' म्हटलें आहे, म्हणजे वत्सगुल्माची. कोणत्याही गांवास ह्याहून मोठा मान कोणता मिळावयाचा ? पण रीति जगभर पसरली आणि तिचें गांव लोक विसरले.

राजशेखराचेंच दुसरें वचन आमच्या विषयास अधिक लागू आहे. 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह त्यानें ह्याच नगरांत लावला आहे, आणि नगरास मदनाचा 'क्रीडावास' असें विशेषण दिलें आहे. हा कवि राहिला कनोजास, प्रतीहारांच्या दरबारीं. परंतु आपला पणजा अकालजलद महाराष्ट्राचा चूडामणि होता हें 'बालरामायणां'त सांगण्यास तो विसरला नाहीं, आणि सर्व देश हिंडविलेल्या काव्यपुरुषाचें लग्न लावण्यास त्यास विदर्भच सांपडला. दूर राहून पूर्वजांच्या भूमीचा कैवार घेणारा हा जुना नमुना होय. पुण्यामुंबईस नोकरीस गेलेले आमचे विद्यार्थी विदर्भाचा क्रिकेटसंघ जिंकला कीं आम्हांस दूरध्वनि करतात, तेव्हां आम्हांस राजशेखराची आठवण होते.

वत्सगुल्मकांचा उल्लेख वात्स्यायनाच्या 'कामसूत्रां'तही आहे. टीकाकार जयमंगलाकार सांगतो कीं दक्षिणापथांतील वत्स व गुल्म ह्या दोघां सख्ख्या राजपुत्रांवरून देशास हें नांव पडलें. परंतु आम्हांस त्या ग्रंथांतील नागरकवृत्ताचें प्रकरण पाहावयाचें आहे. तेथें क्रीडांचे दोन वर्ग केले आहेत : 'माहिमान्या', म्हणजे सर्वत्र मान्य, आणि 'देश्या', म्हणजे त्या त्या देशापुरत्या. नागरकानें दोन्ही खेळाव्या अशी आज्ञा आहे. एकीसाठीं दुसरी सोडावी असें म्हटलेलें नाहीं. आजच्या शब्दांत सांगावयाचें तर फुटबॉल ही माहिमान्या आणि जत्रेंतील कुस्तीचा फड ही देश्या. शिवाय हे वर्ग कायमचे नाहींत. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें, ज्याची स्थापना १९१४ सालची, १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिक समयीं आपले देशी खेळ करून दाखविले. त्यांत कबड्डी होती. जी काल देश्या तीच आज माहिमान्या होऊं पाहते, मात्र तिचें घर शाबूत असेल तर.

त्याच प्रकरणांत सभासमाजाचे नियम आहेत. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठराविक दिवशीं सरस्वतीच्या मंदिरीं समाज भरावा. परगांवचे नट आले तर त्यांनीं आपली कला दाखवावी व दुसऱ्या दिवशीं त्यांस ठरलेलें मानधन मिळावें. नंतर आवडल्यास त्यांस पुन्हां पाहावें, न आवडल्यास निरोप द्यावा. संकटांत व उत्सवांत परस्परांनीं एक होऊन कार्य करावें. आणि जे बाहेरचे लोक समाजास आले असतील त्यांचें पूजन व साह्य करावें. ह्या सर्वांस वात्स्यायनानें 'गणधर्म' असें नांव दिलें आहे. व्यक्तीच्या आवडीचा हा प्रश्न नव्हे, गणाच्या कर्तव्याचा आहे, हा सिद्धांत त्या एका शब्दांत सामावला आहे.

कौटिल्य राजकारणी. त्याचीं दोन वचनें परस्परविरुद्ध दिसतात. जनपदाची नवी वसाहत करितांना तो गांवांत विहारशाळा नकोत म्हणतो, कारण नटनर्तकांमुळें शेतकऱ्याच्या कामास विघ्न येतें. परंतु नवीन जिंकलेल्या देशांत राजानें कसें वागावें हें सांगतांना तो म्हणतो कीं त्यानें तेथील लोकांचा वेष, भाषा व आचार उचलावा आणि त्या देशाच्या दैवतांवर, समाजांवर, उत्सवांवर व विहारांवर भक्ति दाखवावी. विरोधाचा परिहार सोपा आहे. गांव वसण्यापूर्वीं करमणूक अडथळा होते. वसल्यानंतर तीच गांवकीची खूण ठरते. म्हणून परका राजासुद्धां ती खूण धारण केल्यावांचून आपला होत नाहीं. बदली होऊन आलेल्या तहसीलदारापासून दुकान टाकण्यास आलेल्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येक नवागतास हें लागू पडतें.

अशोकानें पहिल्या शिलालेखांत समाज भरवूं नये, त्यांत बहुत दोष दिसतात असें सांगितलें, आणि लगेच कांहीं समाज मात्र आपणांस चांगले वाटतात अशी पुस्ती जोडली. हा अपवाद कोणत्या समाजांचा, ह्यावर विद्वानांचे वाद आहेत. आम्ही एवढेंच म्हणूं कीं प्रेक्षकसमूहांत गुण व दोष दोन्ही असतात हें त्या चक्रवर्तीनें ओळखलें होतें.

४. दुअंमलांतील गांव कोणाचें ?

आतां 'आपलें' ह्या शब्दाची परीक्षा करूं. वऱ्हाडच्या इतिहासासारखी ह्या परीक्षेस दुसरी कसोटी नाहीं. अठराव्या शतकांत वऱ्हाडांत दुअंमल होता. मुलूख नांवाचा निजामाचा, महसुलांत मोठा वांटा नागपूरकर भोंसल्यांचा. वाशीमचें बालाजीचें देऊळ भोंसल्यांच्या पदरच्या भवानी काळू ह्यांनीं बांधविलें. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोंसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क संपला. १८५३ त प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १९०२ च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें त्यांजकडे राहिला व लगोलग मध्यप्रांतास जोडला गेला. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ त मोडून अकोल्यांत घातला. १९५६ त आपण मुंबई राज्यांत आलों, १९६० त महाराष्ट्रांत. आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां निर्माण झाला. म्हणजे त्र्याण्णव वर्षें वाशीमकर हा कागदोपत्रीं अकोलेकर होता.

ह्या पार्श्वभूमीवर बाळंभटदादा देवधर ह्यांची प्रसिद्ध हकीकत पाहा. परंपरा अशी कीं दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाकडील अली व गुलाब नांवाचे दोन पहिलवान आले व त्यांनीं जोड मागितली. पुण्यांत कोणी उभा राहीना, तेव्हां कोंवळ्या वयाच्या बाळंभटांनीं विडा उचलला, सप्तशृंगीस जाऊन आराधना केली, मारुतीच्या दृष्टांतानें मल्लखांबाची विद्या मिळविली, आणि गुलाबास चीत केलें. अलीनें लढत टाळली. ही कथा शाळेंत सांगतांना आमचे डोळे नेहमीं बाळंभटांसाठींच भरून आले. परंतु एके वर्षीं सहावींतील एका मुलानें विचारलें, 'गुरुजी, तेव्हां वाशीम कोणाच्या राज्यांत होतें ?' आम्ही उत्तर दिलें, 'निजामाच्या.' 'मग आपले पहिलवान अली आणि गुलाब कीं हो !' सर्व वर्ग हंसला. आम्ही हंसलों नाहीं. राज्यसत्तेच्या हिशेबानें मुलाचें म्हणणें बरोबर होतें, भाषेच्या व आचाराच्या हिशेबानें आमचें. दोन्ही हिशेब एकाच गांवाचे.

यावरून आम्ही असें अनुमान काढतों कीं 'स्थान' हें केवळ सरहद्दीनें ठरत नाहीं. सरहद्दी कचेरींत बदलतात. तें कुळानेंही ठरत नाहीं. ज्या ठिकाणचें सुखदुःख आपणांस रोज भोगावें लागतें, ज्या विहिरीचें पाणी आटलें असतां आपला घसा कोरडा पडतो, तें आपलें स्थान.

५. स्थान सोडून जातीचा संघ

स्थानाचा कैवार सोडला तर माणूस निःपक्षपाती होतो असें पुष्कळांस वाटतें. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. तेथें संघ गांवाचे नव्हते, धर्माचे होते. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदु अशी तिरंगी, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी, आणि १९३७ पासून इतरांच्या संघासह पंचरंगी स्पर्धा चालली. प्रेक्षकांची गर्दी अलोट. १९२६ त सी. के. नायडू ह्यांनीं हिंदूंतर्फे एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईच्या जिमखान्यावर ११ षट्कारांसह १५३ धावा केल्या ती खेळी आजही वृद्धांच्या तोंडीं आहे. परंतु १९४० च्या डिसेंबरांत महात्मा गांधींनीं ह्या धर्मवार सामन्यांविषयीं उघड नापसंती दर्शविली, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ते बंद पडले.

त्याच संघाच्या पोटांत दुसरा प्रश्न होता. पळवणकर बाळू हा चर्मकार ज्ञातींतील थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यास मैदानांत त्याचा चेंडू हवा असे, पण चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यांत मिळे. हिंदूंचें कर्णधारपद त्यास कधींच मिळालें नाहीं. त्याचा भाऊ विठ्ठल ह्यास तें १९२३ त मिळालें, तेंही वादानंतर. ज्या संघाचा कैवार जन्मावर उभा असतो त्यांत आंतील माणसांचीही प्रतवारी सुरू होते. गांवाच्या संघाचा विशेष हाच कीं त्यांत शिरावयास गांवांत राहणें पुरतें. जन्म बदलतां येत नाहीं, बिऱ्हाड बदलतां येतें. म्हणून स्थानाभिमान हा इतर अभिमानांहून उदार होय, निदान होऊं शकतो.

६. विदर्भाचा संघ व भाड्याचे मल्ल

सी. के. नायडू १८९५ त नागपुरास जन्मले. पण त्यांची रणजी स्पर्धेंतील थोरवी होळकरांच्या संघासाठीं खर्ची पडली. त्या संघानें चार वेळां ती स्पर्धा जिंकली. भोंसल्यांच्या राजधानीचा वीर होळकरांच्या पदरीं, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. शिलेदार असाच फिरतो. इकडे विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत उतरला आणि साठ वर्षें हरत राहिला. एवढ्या काळांत त्याच्याकडून विजयाची अपेक्षा करणारा वेडा ठरला असता.

मग २०१७-१८ त तो प्रथमच अंतिम सामन्यास पोंचला व दिल्लीस हरवून अजिंक्य झाला. हा सामना झाला कोठें ? इंदुरास, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर. पुढच्याच वर्षीं नागपुरास सौराष्ट्रास हरवून त्यानें विजय राखला, आणि २०२४-२५ त केरळाविरुद्ध अनिर्णीत सामन्यांत पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा चषक आणला. पहिल्या दोन विजयांत मुंबईचा वसीम जाफर व मुंबईचेच शिक्षक चंद्रकांत पंडित होते; तिसऱ्यांत कर्नाटकाच्या करुण नायरनें अंतिम सामन्यांत शतक केलें. परंतु कर्णधार फैज फजल नागपूरचा, आणि उमेश यादव खापरखेड्याच्या खाणकामगाराचा मुलगा.

येथें बल्लवाच्या कथेचें उरलेलें अर्धें उत्तर येतें. भीम मत्स्यांच्या घरीं एक वर्ष राहिला, त्यांचें अन्न शिजवीत राहिला; म्हणून त्याचा जय त्यांचा झाला. बाहेरून आणलेला खेळाडू गांवच्या मुलांस आपली विद्या शिकवून गेला तर तो गांवचा. एका सामन्यापुरता येऊन बिदागी घेऊन गेला तर तो दिशांतून आलेला जीमूत. दोघेही परके, पण गांवकऱ्यांनीं त्यांत भेद करावा.

७. कोल्हापूरच्या तालमी

फुटबॉलचा स्थानाभिमान महाराष्ट्रांत पाहावयाचा तर कोल्हापुरास जावें. तेथील संघांचीं नांवेंच पाहावीं : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीची तालीम हीच फुटबॉलची माता झाली. ज्या आखाड्यांत पेठेचा पहिलवान तयार होत असे त्याच आखाड्याच्या नांवानें पेठेचीं मुलें चेंडू खेळूं लागलीं. देश्येनें माहिमान्येस आपल्या घरांत घेतलें. शाहू क्रीडांगणावर पेठापेठांचे सामने असतात तेव्हां हजारों लोक जमतात, आणि घरांतील आजीस सुद्धां आपल्या तालमीचा रंग ठाऊक असतो. आफ्रिकेंतून आलेले खेळाडूही ह्या तालमींकडून खेळले आहेत. ह्याच मातींतला अनिकेत जाधव २०१७ त सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळला. गांवचा कैवार घेणारे प्रेक्षक असल्यास काय उपजतें ह्याचा हा दाखला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथें समर्थकांच्या हाणामाऱ्या होऊन सामने थांबल्याचे प्रसंग घडले आहेत. द्रोणाचार्यांस ज्याची भीति वाटली तोच हा रंगप्रकोप.

८. रंगप्रकोपाचा इतिहास

इतर देशांचीं उदाहरणें थोडक्यांत देतों. इ. स. ५९ मध्यें इटलींतील पोंपेई येथें शस्त्रखेळाच्या वेळीं पोंपेईकर व शेजारच्या नुसेरियाचे लोक ह्यांत दगडफेक व कापाकापी झाली. रोमच्या सभेनें त्या गांवीं असे खेळ दहा वर्षें बंद केले. इ. स. ५३२ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें रथशर्यतींतील निळा व हिरवा ह्या दोन पक्षांचे लोक बादशहाविरुद्ध उठले. तीस हजारांवर माणसें मेलीं असें तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. तेथें पक्ष गांवाचे नव्हते, निव्वळ रंगाचे होते, हें विशेष. आपल्या देशांत कलकत्त्यास १६ ऑगस्ट १९८० रोजीं मोहनबागान व ईस्ट बंगाल ह्यांच्या सामन्यांत ईडन उद्यानांत दंगल होऊन १६ प्रेक्षक मृत्यु पावले. हाच मोहनबागान १९११ त अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीस हरविता झाला होता व त्या दिवशीं सर्व बंगाल त्याचा होता. आणि ईस्ट बंगाल हा संघ, १९४७ नंतर घरदार सोडून आलेल्या लक्षावधि निर्वासितांस गमावलेल्या गांवाचा एकमेव उरलेला पत्ता होता. इतका पवित्र भाव असूनही सोळा घरीं प्रेतें गेलीं.

आमच्याही पदरीं ह्या दोषाचा अंश आहे. कित्येक वर्षांपूर्वीं आम्ही नोकरीस असलेल्या शाळेच्या मैदानावर परगांवच्या शाळेचा संघ आला होता. आमच्या मुलांनीं त्यांच्या गोलरक्षकाच्या तोतरेपणाची नक्कल करून त्यास इतकें हिणविलें कीं तो रडूं लागला. आमचा संघ जिंकला. आम्ही कडेला उभे होतों. थांबवावयास हवें होतें, थांबविलें नाहीं, कारण आम्हांसही विजय हवा होता. त्या मुलास कोणी पाण्याचा तांब्यासुद्धां दिला नाहीं. 'आगंतूंचें पूजन' हा गणधर्म आम्ही वर्गांत कैक वेळां शिकविला होता.

९. सिद्धांत

पूर्वपक्षाचे आक्षेप तीन. पहिला, स्थान हें दैवानें मिळतें, त्याचा अभिमान कशाला ? उत्तर असें कीं आईबापही दैवानेंच मिळतात. त्यांचा सांभाळ करणें हा अभिमान नव्हे, ऋणाची फेड आहे. दुसरा, रसिकानें गुण पाहावा, गांव पाहूं नये. ह्यास उत्तर वच्छोमीचें : गुण आकाशांतून पडत नाहीं, कोणत्या तरी गांवच्या समाजांत, पंधरवड्याच्या पंधरवड्यास, बऱ्यावाईट प्रयोगांतून तयार होतो. अर्जेंटिनाचा खेळाडू ज्या गल्लींत शिकला तेथेंही पहिले प्रेक्षक त्याचे शेजारीच होते. तिसरा, अभिमानानें दंगल होते. हा आक्षेप खरा आहे व त्याचा परिहार नियमानें करावा लागतो, त्यागानें नव्हे. रंगप्रकोप होईल म्हणून द्रोणांनीं रंगभूमि मोडली नाहीं. मध्यें माणूस उभा केला.

म्हणून आमचा निर्णय पुढीलप्रमाणें. गांवच्या संघास हजेरी देणें, वर्गणी देणें, मैदान राखणें आणि तो हरत असतांना निघून न जाणें हा प्रेक्षकाचा गणधर्म आहे. तो आवडीवर सोडतां येत नाहीं. उत्तम खेळ जगांत कोठेंही असो, त्याचें कौतुक करणें ही रसिकता आहे. ती आवडीवर सोडावी, आणि एकीनें दुसरीची जागा घेऊं नये. परंतु न्याय देण्याचा अधिकार कैवाऱ्यास नाहीं. पंचानें शिटी वाजविली कीं पक्ष संपला. आणि पाहुण्या संघाच्या पाण्याची जबाबदारी यजमान प्रेक्षकांवर आहे. जो प्रेक्षक पाहुण्या गोलरक्षकाच्या चांगल्या झेलीस टाळी देऊं शकत नाहीं त्यानें घरीं बसावें. तो आपल्या गांवाचा कैवार घेत नाहीं, अब्रू घालवितो.

१०. विनंति

शेवटीं वाचकांस एक विनंति. वऱ्हाडांतील जत्रांच्या कुस्त्यांचे हिशेब, पहिलवानांस दिलेल्या इनामांच्या नोंदी, तालमींच्या वर्गणीच्या वह्या, शाळांच्या सामन्यांचीं जुनीं छायाचित्रें हीं कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर असलींच पाहिजेत. कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्या वेळींच सूचीबद्ध झाल्या म्हणून अपभ्रंश वाङ्मयाचा एक मोठा भाग प्रकाशांत आला. तालमींच्या वह्या तशा मोलाच्या नसतील. पण त्यांत गांवानें गांवासाठीं काय केलें हें लिहिलेलें आहे, आणि ताम्रपटांत तें क्वचितच असतें. ज्यांजवळ असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत देण्यापूर्वीं एकवार मंडळाकडे पाठवावे.

त्या हिंवाळ्यांतील सामन्यास सतरा माणसें होतीं हें आरंभीं सांगितलें. पुढील वर्षींच्या सामन्यास आम्ही पुन्हां गेलों, दोन शेजारी बरोबर नेले, आणि पाहुण्यांसाठीं पाण्याचा माठ नेला. त्या दिवशींची गणना तेवीस भरली. आमचा संघ हरला.